आमच्या पेटीतला गंधार

लिहायला बसलो खरा, पण आधीच माफी मागून ठेवतो. स्वतःबद्दल लिहावं असं माझ्या हातून फारसं काही झालेलं नाही. मी शाळेतला संगीत शिक्षक. माझा तास म्हणजे गणिताच्या सरांचा भाग मागे राहिला की त्यांनी मागून घ्यायचा, आणि तपासणीला साहेब येणार असले की स्वागतगीतासाठी तेवढा परत द्यायचा. मैफलीत मी कधी गायलो नाही. माझ्याहून चांगले गाणारे आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि त्यांतल्या कोणी काही लिहिलेलं नाही. तरी बायको म्हणते की तुम्ही शिकलात ती वर्षं कागदावर उतरवा, पोरींना ते खरं वाटत नाही. तेवढ्यापुरतं लिहितो. कुठे मोठेपणा मिरवल्यासारखं वाटलं तर तो हेतू नव्हता, लिहिता आलं नाही एवढंच समजावं.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही नव्या वस्तीत राहायला आलो. जुन्या गावात घरं जशी सुचली तशी उभी होती. इथे ती ओळीने उभी होती आणि प्रत्येक दारावर नंबर होता. पहिले काही महिने बा संध्याकाळी दुसऱ्याच्याच ओसरीवर जाऊन बसायचा आणि ती माणसं काही न बोलता त्याला पाणी द्यायची. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. पूर्वी नदी दाराशी होती, आता बाला जाळं सायकलला बांधून पाण्यापर्यंत जावं लागे. आमच्या घरची सकाळ कोंबड्याने होत नसे. जाळ्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी फरशीवरून घासत जायचे, त्या आवाजाने मी जागा व्हायचो. तो ओलसर, खरखरीत आवाज आजही कुठे ऐकला, समजा शाळेत कोणी साखळी ओढत नेली, तर क्षणभर मला पांघरुणातच असल्यासारखं वाटतं. मग माय उठायची. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला असे. त्यात मीठ, बाजूला सुक्या झिंग्यांची चटणी. हिवाळ्यात लाखोरीची भाजी. ते खाऊन बा पाण्यावर जायचा आणि तो परतला की माय टोपलं डोक्यावर घेऊन निघायची. तिच्या ओरडण्याने वस्तीला वेळ कळायची. "मासोऱ्याऽऽऽ घ्या वो बाई," असं ती म्हणायची. त्यातला 'ऱ्या' इतका लांब असायचा की तो ऐकत एखादी बाई आत जाऊन भांडं घेऊन बाहेर येई, तरी तो संपलेला नसे. वस्तीतली पोरं तिची नक्कल करत. मीही लहानपणी केली होती. मोठा झाल्यावर मात्र ती नक्कल कानावर आली की मी दुसऱ्या गल्लीने जात असे.

गाणं मला घरातून मिळालं नाही, भजनी मंडळातून मिळालं. मंडळाचे बुवा म्हणजे तुळशीराम काकाजी. स्वतःची थोडी धानाची शेती, गळ्यात कायमचा मफलर, आणि मंडळाची पेटी सांभाळण्याचा मान. त्यांची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली आणि मी वाजवायला लागलो. बारावी झाली. कोणीतरी सांगितलं की भंडाऱ्याबाहेर, कारध्याचा पूल ओलांडून पुढे एक छोटं विद्यापीठ आहे आणि तिथे गाण्याचे मास्तर तयार करतात. बाला हे पटायला फार दिवस लागले. गाणं येतं तर ते शिकायला कायले जातो, असं तो विचारायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, त्यामुळे काय विचारायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि काय सांगायचं हे मलाही. शेवटी मायने त्याला सांगितलं की मास्तर म्हणजे मास्तर, गाण्याचा असो का हिशेबाचा, खुर्ची सारखीच. त्यावर त्याने जा म्हटलं.

विद्यापीठ म्हणजे एक लांब इमारत, मागे बोरीची झाडं, आणि संगीत विभागाच्या वाट्याला दोन खोल्या. एका खोलीत आम्ही शिकायचो, दुसऱ्या खोलीत शिकवायला शिकायचो. आम्हाला भोयर मॅडम होत्या. त्या रोज नागपूरहून बसने येत आणि तास सुरू होण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून बसत. तेव्हा त्या ध्यान करतात असं मला वाटायचं. आज मीही तास सुरू होण्याआधी तसाच बसतो, म्हणून कळतं की त्या फक्त थकलेल्या असायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक साधी प्रार्थना गायला लावली आणि मध्येच थांबवलं. पुन्हा गायला सांगितलं. पुन्हा थांबवलं. मग म्हणाल्या, "तुझा गंधार कुठंय रे? तू रे वरून थेट म वर उडी मारतोस. मधली पायरी कोणी काढून नेली?"

वर्ग हसला. मला काही कळेना. दुपारी सगळे डब्याला गेले तेव्हा मी पेटीवर एकटा बसलो. गावात आम्ही 'काळी एक'मध्ये गायचो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा आमचा सा. तो सा धरला की गंधार पडतो 'पांढरी चार'वर. मी ती पट्टी दाबली आणि आवाज आला. एवढंच. पण माझा हात तसाच राहिला, कारण आमच्या मंडळाच्या पेटीत ती पट्टी मुकी होती. दाबली की नुसती हवा यायची. ती कधी मुकी झाली कोणालाच आठवत नव्हतं. गाव उठलं तेव्हा ट्रॅक्टरवर आपटली असं काही म्हणत, तर काकाजी सांगत की त्यांच्या तरुणपणापासून ती तशीच आहे. पेटीत जो स्वर नाही तो बुवांनी गाण्यातून सोडला, बुवांनी सोडला तो मंडळाने सोडला, आणि आमच्या अख्ख्या गावाची भजनं त्या एका पट्टीला वळसा घालून मोठी झाली. मला वाटत होतं चाल तशीच आहे. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. आपण जे देव मानून गायलो ते एका बिघडलेल्या पट्टीमुळे तसं होतं, हे कोणाला सांगावं तेही कळत नव्हतं.

पुढची दोन वर्षं मी तो एक स्वर शिकत होतो असं म्हटलं तरी चालेल. पहाटेची पहिली एसटी, बहुतेक उभ्याने. भंडाऱ्याला उतरून पायी कारध्याकडे. वैनगंगेच्या पुलावर ट्रकांचा इतका गलका असतो की तिथे मोठ्याने गायलं तरी कोणाला ऐकू जात नाही, म्हणून मी पुलावर गायचो. सा, रे, ग. सा, रे, ग. एका ट्रकच्या क्लीनरने एकदा वाकून पाहिलं आणि मला वेडा ठरवून पुढे गेला. संध्याकाळी घरी आलो की बाची जाळी शिवायची असत. सुई हातात आणि डोळे मिटायला लागलेले. माझ्यासोबत साकोलीकडची रंजना म्हणून मुलगी होती, तिचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. ती म्हणायची, तुझा ग सापडला का रे, पोलिसात तक्रार दे. दिवसभरात मी हसायचो ते तेवढंच. हळूहळू ग यायला लागला, पण तो मला नेहमी पाहुण्यासारखा यायचा. आधी आठवण करावी लागे, मग जागा करून द्यावी लागे.

शेवटच्या वर्षी खरी परीक्षा असते ती पाठाची. बाहेरगावचे परीक्षक येतात, खऱ्या शाळेतल्या खऱ्या पोरांपुढे आपण एक गाणं शिकवायचं, आणि मागच्या बाकावर बसून ते पाहतात. पाठात नापास झालं की बाकी सगळं पास होऊनही वर्ष गेलं. आणि माझ्याकडे दुसरं वर्ष नव्हतं. त्या थंडीत बाचा उजवा खांदा धरला होता. एका संध्याकाळी जाळं पसरवता पसरवता तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "एवढी परीक्षा होऊ दे तुही. नाई निघालास तं राईस मिलमधी लाग. माह्यानं आता जाळं फेकवत नाई." तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मी हो म्हणालो.

शाळा निवडायची मोकळीक होती. मी आमच्या वस्तीचीच शाळा घेतली. भोयर मॅडमनी मला सावध केलं होतं की ओळखीच्या पोरांपुढे पाठ देऊ नकोस, ती तुला मास्तर समजत नाहीत. पण मला वाटलं, ही आपलीच पोरं, गातात तर मोकळ्या गळ्याने. शिवाय आम्हाला अध्यापनशास्त्रात एक वाक्य घोटून घेतलं होतं, की परिचिताकडून अपरिचिताकडे जावं. मी ते फारच मनावर घेतलं. पाठाच्या टाचणात लिहिलं, की विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या गावातील भजनाची चाल घेऊन त्यावर शाळेचं नवीन गीत बसवणे. मॅडमना ते आवडलं. मलाही आवडलं. ती चाल पोरांना कोणत्या पेटीवरून परिचयाची झाली आहे, हे मात्र मला सुचलं नाही. दोन वर्षं मी स्वतःचा गळा दुरुस्त करत होतो, त्या नादात पेटी अजून तिथेच आहे आणि दर गुरुवारी भजन होतं, हे मी विसरूनच गेलो.

पाठाच्या दिवशी विद्यापीठाची पेटी रंजनाने आणि मी रिक्षात मांडीवर धरून आणली. सहावीचा वर्ग. परीक्षक वयस्कर होते, पांढरा सदरा, हातात रुमाल, सारखा घाम पुसत होते. मागे मॅडम. मी सा धरला, प्रस्तावना केली, गाण्याची पहिली ओळ स्वतः गाऊन दाखवली. गंधार नीट लागला. मग पोरांना म्हणालो, आता तुम्ही. आणि सगळा वर्ग एका आवाजात, बेंबीच्या देठापासून, गंधाराला वळसा घालून गायला. माझी पेटी ग वर आणि चाळीसेक गळे म वर. असा आवाज झाला की परीक्षकांनी रुमाल खाली ठेवला. मी पुन्हा गायलो. पोरं पुन्हा तशीच गायली, या वेळी जास्त जोरात, कारण त्यांना वाटलं आवाज कमी पडला. मी तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. काकाजींची नात. ती अगदी समजुतीने म्हणाली, "गुर्जी, तुमीच चुकून राहिले. बुवा असं नाई म्हनत."

परीक्षक मागून म्हणाले, "बरोबर बोलली. तुम्ही दोघं वेगवेगळं गाताय. मग यात गंधार आहे की नाही?"

मला वाटतं आयुष्यात कोणी मला इतका सरळ प्रश्न विचारलेला नाही. हो म्हणावं तर पोरांच्या तोंडात तो नाही, नाही म्हणावं तर मी पास होत नाही. मी पेटीचा भाता नुसता चालवत राहिलो, एकट्या सा वर. खिडकीबाहेर वस्तीचा रस्ता होता, रिकामा. माय त्या वेळी तिकडे नव्हती, हे मुद्दाम लिहितो, कारण ही गोष्ट सांगताना लोक त्यात तिला आणून उभी करतात. फक्त रिकामा रस्ता दिसला आणि मी पोरांना विचारलं, "माही माय कशी ओरडते?"

मागच्या बाकावर खुसखुस झाली. मी म्हणालो, करा, मी रागावत नाही. एकाने सुरू केलं आणि सगळा वर्ग "मासोऱ्याऽऽऽ" करत उठला, हसत, हात तोंडाशी नेऊन. पेटीचा सा चालूच होता, त्यांनी त्याच्यावरूनच उचललं, आणि तो लांब 'ऱ्या' जिथे जाऊन उभा राहिला तिथे मी पांढरी चार दाबली. तोच स्वर. मी म्हणालो, थांबा, तिथेच थांबा, खाली येऊ नका. पोरं थांबली. त्यांचं हसू ओसरलं तरी स्वर राहिला. मग मी सांगितलं की हा ग आहे, तो तुम्हाला येतो, आता गाण्यात तिथे जायचं. पुन्हा ओळ घेतली. अर्धा वर्ग ग वर गेला, अर्धा जुन्या वाटेने निघून गेला. काकाजींची नात शेवटपर्यंत ग वर गेली नाही. घंटा झाली.

परीक्षकांनी माझं टाचण मागितलं. पानं उलटून विचारलं, "हे मासोळीवालं यात कुठंय?"

"नाही सर."

"मग आलं कुठून?"

"घरून," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी लिहिलं, टाचण परत दिलं, चहा घेतला आणि गाडीत बसून गेले. मॅडमना मी विचारलं की कसा झाला. त्या पेटीचं झाकण लावत म्हणाल्या की टाचण सोडून शिकवलं म्हणून ते तुला नापासही करू शकतात, त्यांना तो हक्क आहे, आणि मी काही खोटा धीर देणार नाही. पेटी पुन्हा मांडीवर घेऊन आम्ही गेलो. रंजना त्या दिवशी काही विनोद करेना.

घरी माझ्याआधी बातमी पोहोचली होती. तुमच्या पोराने वर्गात साहेबापुढे तुमची नक्कल करायला लावली, असं मायला कोणीतरी सांगितलं होतं. ती चुलीपाशी मासे साफ करत होती. मी समजावून सांगायला लागलो, स्वर, पट्टी, गंधार. तिने मध्येच विचारलं, "सायेब हासला का?" मी म्हणालो, नाही, त्याने लिहून घेतलं. ती मासे साफ करत राहिली. पण नंतर बरेच दिवस ती शाळेच्या गल्लीत शिरली की न ओरडता दारोदार उभी राहायची. बायका विचारायच्या, आज आवाज काहून नाही, तर घसा बसला म्हणायची. तिला वाईट वाटलं होतं की लाज वाटली होती की आणखी काही, हे मी त्या वेळी विचारलं नाही. पुढे एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली की मले आठवत नाही. तिला सगळं आठवतं.

पुढे नोकरी लागल्यावर मी मंडळाची ती पट्टी दुरुस्त करून आणली. काकाजींनी ती दाबून पाहिली, आवाज ऐकला, मान डोलावली आणि भजन पूर्वीसारखंच म्हटलं. आता माझे स्वतःचे विद्यार्थी त्या वस्तीतून येतात तेव्हा ते कोणत्या वाटेने गातात ते मी आधी ऐकून घेतो, एवढंच त्यातून शिकलो.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी निकाल लवकर लागत नव्हता. उन्हाळा गेला. मी बाला दिलेल्या शब्दाप्रमाणे मिलमध्ये लागलो, निकालाची वाट पाहत बसून राहायला घरात जागा नव्हती. मिलमध्ये दिवसभर कोंड्याची धूळ घशात जायची आणि संध्याकाळी गायला तोंड उघडलं तर खोकला यायचा. मग मी तोंड उघडणं बंद केलं. नापास झालो असं मनाशी ठरवून टाकलं होतं, त्याने जरा हलकं वाटायचं. विद्यापीठात फोन केला की सांगत, अजून आलं नाही. धानाचे रोवणे सुरू झाले, बांध्यांत रोपं लावणाऱ्या बायका वाकलेल्या दिसायला लागल्या, माय मासे नसतील त्या दिवशी रोवायला जाऊ लागली. असंच एका दुपारी वस्तीतला किराणा दुकानवाला संजू सायकलवरून मिलवर आला. माझा फोन बंद होता म्हणून रंजनाने त्याच्या दुकानात फोन केला होता. तो म्हणाला, "तुह्या कॉलेजातल्या पोरीचा फोन होता. पास झालास म्हणते. पाठात बी." मी विचारलं, आणखी काय म्हणाली? तो म्हणाला, बाकी काही नाही, आणि माझ्या कोंबड्यांसाठी एक पोतं कोंडा ठेवायला सांग तुझ्या मालकाला. मग तो गेला. मी पोतं बाजूला काढलं आणि पाळी संपेपर्यंत काम केलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बा जाळ्याची गाठ मारत बसला होता, डाव्या हाताने. मी सांगितलं की पास झालो. त्याने विचारलं, "पाठात बी?" मी म्हणालो, पाठात बी. त्याने गाठ पुरी केली, सुई बाजूला ठेवली. मायने ताटं वाढली. मी नेहमीच्या जागी बसणार तोच बा थोडा सरकला, भिंतीकडची, त्याची स्वतःची जागा मोकळी केली आणि म्हणाला, "बसा जी गुर्जी. हात धुवून घ्या, भात थंडा होऊन राहिला."

मला वाटलं थट्टा आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. मी हात धुतले आणि तिथे बसलो. त्या दिवसानंतर बा मला कधी 'तू' म्हणाला नाही, आणि ते 'तू' परत मागावं असं कितीदा मनात येऊनही मला ते जमलं नाही.